झुडपी जंगलातली शिळावर्तुळं: ओळखायची कशी, नोंदवायची कशी

नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीत १८६७ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने काही शिळावर्तुळं, म्हणजे मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली प्राचीन स्मारकं, खोदली. तेव्हापासून विदर्भातल्या या दफनस्थळांचा अभ्यास चालू आहे. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड, रायपूर, भागीमोहारी ही नावं त्यात आली. तरी खोदलेल्या वर्तुळांच्या कितीतरी पट वर्तुळं अजून तशीच आहेत, आणि त्यांतली बरीच साग-पळसाच्या झुडपांत नाहीतर घाणेरीखाली दडलेली. मुरमाची एखादी खाण किंवा रोपवनाची खड्डेखोदाई त्यांच्यावरून गेली की ती संपतात, आणि मुळात कागदावर नसलेली वस्तू गेली तर गेल्याचंही कुणाला कळत नाही. इथे खोदण्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही. पालापाचोळ्याशिवाय कशालाही हात न लावता वर्तुळ ओळखायचं, मोजायचं आणि कागदावर आणायचं, एवढंच काम आहे.

नेमकं काय शोधायचं

इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड आणि घोडा दोन्ही वापरणाऱ्या लोकांची ही स्मारकं. बाहेरून मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत मुरूम, गोटे व काळ्या मातीची भर, अशी त्यांची सर्वसाधारण घडण. कड्याचा व्यास ५-६ मीटरपासून २०-२५ मीटरपर्यंत. मधला उंचवटा पुष्कळदा गुडघ्याएवढा, क्वचित कमरेएवढा, आणि अनेक ठिकाणी इतका बसलेला की तो डोळ्यांऐवजी पायांना कळतो. भरीखाली काळी-तांबडी भांडी, अभ्रकमिश्रित मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी आणि खंजीर सापडले आहेत. माहुरझरीत घोड्यांचे अवशेष त्यांच्या तांब्याच्या साजासह मिळाले. हाडं प्रत्येक वर्तुळात असतातच असं नाही. त्यामुळे नोंदीत 'थडगं' असा शब्द न लिहिता 'शिळावर्तुळ' लिहावं. आत काय आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही.

पूर्वेकडे गेलात की प्रकार बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला मोठमोठ्या शिळा उभ्या करून वर छत टाकलेले शिळामंच आहेत. आणि गडचिरोलीत माडिया गोंड आजही मृतांसाठी दगड उभे करतात. तिथे एखादा उभा दगड दिसला की तो तीन हजार वर्षांपूर्वीचा असेल तसाच दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. गावात विचारल्याशिवाय त्याचा फोटोसुद्धा काढू नये.

आधी घरबसल्या

जंगलात जाण्याआधीचे दोन दिवस नकाशांना द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घेऊन त्यावर चार गोष्टी रंगवा: नाले, काळी शेतजमीन, बरड जमीन आणि गावं. विदर्भातली बहुतेक वर्तुळं नांगराला नकोशा अशा मुरमाड बरडावर, नाल्यापासून फार लांब नसलेल्या चढावर आहेत. ज्यांना महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणतात त्या जमिनी नेमक्या अशाच. शोधाचा पट्टा तिथून सुरू करा. सुपीक काळ्या रानात वर्तुळं दिसत नाहीत, पण म्हणून ती तिथे कधी नव्हतीच असं समजू नका. नांगराने मोडलेली वर्तुळं बांधावरच्या दगडांत जाऊन बसतात.

उपग्रहचित्रं पाहताना महिना महत्त्वाचा. साग आणि पळस उन्हाळ्यात उघडे पडतात, म्हणून गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं उघडून मार्च ते मेमधलं चित्र निवडा. सकाळच्या तिरप्या सावलीत धोंड्यांचं कडं ठिपक्यांच्या माळेसारखं दिसतं. १२ मीटर व्यासाचं वर्तुळ स्वच्छ चित्रात ओळखू येतं, ६ मीटरचं सहसा नाही. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर मिळणारी उंचीची माहिती या कामाला उपयोगाची नाही. तिचा एक ठोकळा साधारण ३० मीटरचा, म्हणजे दोन-तीन वर्तुळं एकाच ठोकळ्यात गडप. विमानातून लेझर किरण सोडून झाडांच्या फटींतून जमिनीचा उठाव पकडणारं लायडार हे या कामाचं खरं साधन आहे. युरोपातल्या जंगलांत त्याने हजारो टेकाडं उजेडात आणली. पण तशी माहिती तुमच्या हातात नसेल तर अडून राहू नका. आपल्याकडची पानझड आणि आपले पाय बरंच काम करतात.

चित्रात दिसलेला प्रत्येक संशय क्रमांक देऊन नकाशावर टाका. जमिनीवर गेल्यावर त्यातले निम्मे जरी खरे निघाले तरी चांगलं. खोटे निघालेलेही खोडू नका, 'काय निघालं' ते लिहा: भट्टीची जागा, कुरणातला गोठा, झाडाचा घेर. पुढच्या माणसाची खेप वाचते.

परवानगी आणि ऋतू

राखीव व संरक्षित वनात जाण्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. अर्जात वनकक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला भाग) क्रमांक, तारखा, माणसांची नावं आणि 'उत्खनन नाही, वस्तू गोळा करणार नाही' हे वाक्य असू द्या. व्याघ्रप्रकल्प किंवा अभयारण्य असेल तर अर्ज वरच्या पातळीवर जातो, वेळ धरून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालानंतर झुडपी जंगलही वनजमीन मानलं जातं, तेव्हा 'हे तर महसुलाचं' म्हणून परस्पर शिरू नका. जिथे सामूहिक वनहक्क मिळालेला आहे तिथे ग्रामसभेला सांगणं कागदासाठीही गरजेचं आणि कामासाठीही. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि वनखात्याची स्वतंत्र परवानगी, दोन्ही लागतात.

होळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाऊस पडला की तरोटा आणि गवत कमरेला येतं आणि मग दोन पावलांवरचं कडं दिसत नाही. मात्र हाच वणव्यांचा आणि मोहफुलांचा काळ आहे. पहाटे मोहाखाली अस्वल असतं, म्हणून सहाच्या आधी आत जाऊ नका आणि बोलत चाला. धोंड्याखालच्या कपारीत हात घालू नका, घोणस तिथेच थंडावा शोधते. अकरानंतर काम थांबवून सावलीत कागद पूर्ण करा. ऊन तर आहेच, शिवाय डोक्यावरच्या उन्हात उंचवटे सपाट दिसतात. वणवा गेलेल्या रानात वर्तुळं लख्ख दिसतात हे खरं. जळालेला पट्टा मिळाला तर आधी तो पाहून घ्या. पण 'साफ करायला' काडी लावणं हा वनगुन्हा आहे, आणि आगीने धोंड्यांचे पापुद्रे उडतात ते वेगळंच.

वनरक्षक, तेंदूपत्ता तोडणारे, गुराखी यांना विचारताना 'शिळावर्तुळ' म्हणून काही उपयोग नाही. 'गोल मांडलेले गोटे कुठं हायेत का?' असं विचारा. विदर्भात अशा जागांशी गवळ्यांच्या कथा जोडलेल्या आढळतात, गवळ्यांचं नाव निघालं तर कान टवकारा. सांगणाऱ्याने वापरलेलं नाव जसंच्या तसं, त्याच उच्चारात लिहा.

रान पिंजणं

चार माणसं, दोघांमध्ये १० मीटर अंतर. सगळे एका दिशेने, एका वेगाने. दाट घाणेरीत हे अंतर ५ मीटरवर आणा, उघड्या बरडावर १५ चालेल. १० मीटरच्या अंतराने चौघांचा पट्टा ४० मीटरचा होतो, म्हणजे एक किलोमीटर चालल्यावर ४ हेक्टर. झुडपांत याला साधारण तास-दीड तास लागतो. याहून भरभर झालं तर बघितलेलं नाही असं समजा. कडेच्या माणसाने दर ५० मीटरवर फांदीला सुती चिंधी बांधावी. परतीचा पट्टा तिच्या बाहेरून घ्यायचा आणि चिंध्या सोडवून आणायच्या. प्लास्टिकची फीत नको, ती नीलगायीच्या पोटात जाते.

पहिली खूण सहसा एकटा धोंडा असते. आजूबाजूचा मुरूम बारीक आणि मध्येच अर्धा-पाऊण मीटरचा गोलसर दगड, तोही जमिनीत रुतलेला. थांबा, त्याच्या भोवती १५ मीटरपर्यंत नजर फिरवा. दुसरा आणि तिसरा दगड सापडला तर तिघांतून जाणारी वक्ररेषा मनात ओढा आणि त्या रेषेवर पुढे चाला. चौथा दगड अपेक्षित जागी मिळाला की काम पक्कं होत आलं. दुसरी खूण झाडोऱ्याची. भरीतली काळी माती ओल धरते, म्हणून भोवतीच्या खुरट्या रानात एखादा गोल तुकडा जास्त हिरवा किंवा घाणेरीने गच्च भरलेला दिसतो.

एक वर्तुळ सापडलं की शोध संपत नाही, तिथून सुरू होतो. ती समूहाने असतात. जुनापाणीत ती शेकड्याने मोजावी लागतात. पहिल्या वर्तुळापासून चारी दिशांना किमान २०० मीटर चाला. आणि जवळच्या नाल्याकडे उतरून 'पांढरी' शोधा: राखाडी भुसभुशीत माती आणि खापरं असलेली जुन्या वस्तीची जागा. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला वर्तुळं अशी जोडी आहे. नैकुंडला वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. वर्तुळांची नोंद करून वस्ती न शोधणं म्हणजे स्मशान पाहून गाव न विचारणं.

फसवणाऱ्या गोष्टी

इथे घाई केली तर यादी निरुपयोगी होते, म्हणून जरा सविस्तर.

शेतातून वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग सर्वांत जास्त फसवतो. त्यात दगड लहान-मोठे कसेही, एकावर एक आणि सैल असतात. मधे पोकळ्या राहतात आणि कडं नसतं. वर्तुळात मोठे धोंडे परिघावर आणि बारीक भर आत. ढिगाऱ्यात अशी वाटणी दिसत नाही. वनखात्याचा सीमेवरचा मुनारा किंवा बुरूज दीड-दोन मीटरच्या घेराचा, रचलेला, वर चुना किंवा क्रमांक असलेला असतो आणि एका रेषेत ठरावीक अंतराने पुन्हा भेटतो. वनकक्षाच्या नकाशाशी ताडून पाहिलं की प्रश्न मिटतो.

पाणी जिरवण्यासाठी उतारावर खोदलेल्या सलग समतल चरांच्या बाजूला टाकलेली माती पाऊसपाण्याने बसून लांबट उंचवटा होतो. त्याला लागून खोलगट पट्टी असतेच. कोळशाच्या भट्टीची जागा गोल असते खरी, पण पायाने पाचोळा सारला की काळी भुकटी आणि कोळशाचे तुकडे वर येतात, धोंडे नसतात. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांनी उचललेली माती म्हणजे एका बाजूला टेकाड आणि लगेच दुसऱ्या बाजूला खड्डा. वारूळ मऊ, टोकदार आणि बिनदगडी. पण वारूळ वर्तुळाच्या मधोमधही उठतं, भरीची मऊ माती वाळवीला आवडते. तेव्हा वारूळ दिसलं म्हणून पाठ फिरवू नका.

सगळ्यांत अवघड प्रकरण बेसॉल्टचं स्वतःचं. हा खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि गोल गोटे मागे ठेवतो. असे गोटे आपोआप पडून कधीकधी अर्धवर्तुळ भासवतात. कसोटी अशी: नैसर्गिक गोटा खालच्या खडकाशी जुळलेला असतो किंवा त्याच्याभोवती त्याचेच पापुद्रे पडलेले असतात. मांडलेला धोंडा मुरमात रुतलेला असतो, भोवती पापुद्रे जवळपास नसतात, आणि शेजारच्या धोंड्याशी त्याचा आकार मिळताजुळता असतो. कड्याबाहेर १० मीटरवर तसेच गोटे तितक्याच दाटीने पडलेले असतील तर नोंद 'शंकास्पद' म्हणून करा.

प्रत्येक नोंदीला तीनपैकी एक शेरा द्या: निश्चित, संभाव्य, शंकास्पद. आणि शेऱ्याखाली एका ओळीत कारण. 'निश्चित: परिघाच्या तीन चतुर्थांशावर १९ धोंडे, मधे काळ्या मातीची भर, उंची ०.६ मी.' कारण नसलेला शेरा म्हणजे मत. ते चहाच्या टपरीवर ठीक.

सोबत काय न्यायचं

३० मीटरची फायबर फीत, ५ मीटरची फीत, सुतळी, लाकडी खुंट्या आठ, दोन मीटरची लाल-पांढरी काठी, फोटोसाठी १ मीटरची आणि २० सेंटीमीटरची पट्टी, होकायंत्र, गवंड्याची पाण्याची नळी (१५ ते २० मीटर), आलेख कागद, पेन्सिल, फोन आणि त्याला चार्ज करायची बॅटरी. कुदळ, पहार, खुरपी गाडीतही ठेवू नका. पहार ठोकून 'आतून आवाज कसा येतो' पाहणारे हौशी लोक असतात. त्या एका ठोक्याने खालचं भांडं फुटतं, आणि जंगलात पहार घेऊन फिरणाऱ्याला वनरक्षक गुप्तधनवाला समजतो, ते बरोबरच आहे.

जागा टिपणं

फोनचं जीपीएस उघड्या माळावर ३ ते ५ मीटरपर्यंत चुकतं, झाडीत ८ ते १५ मीटर. दोन वर्तुळांत १० मीटरच अंतर असेल तर नुसत्या जीपीएसवर ती नकाशात एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणून समूहातल्या सर्वांत उघड्या वर्तुळाच्या मध्यावर फोन ठेवून दहा मिनिटांची सरासरी घ्या, ते मुख्य ठिकाण. बाकीच्यांची अंतरं आणि दिशा तिथून फीत व होकायंत्राने मोजा. होकायंत्र धोंड्यावर ठेवू नका. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं आणि सुई काही अंश सहज सरकते. धोंड्यापासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून दिशा घ्या, मग समोरच्या टोकाकडून उलटी दिशा घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक पडायला हवा. दोनहून जास्त अंश चुकले तर जागा बदला.

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, त्यापुढचे आकडे फोन देतो पण त्यांना अर्थ नाही. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांची गल्लत ही सर्वांत महागडी चूक आहे. २१ अंश १२ मिनिटे ३० सेकंद म्हणजे २१.२०८३३. ते घाईत २१.१२३० लिहिलं की वर्तुळ साडेनऊ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतं. मीटरमधली निर्देशांक पद्धत (यूटीएम) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो: नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ मध्ये, अमरावती-अकोला ४३ मध्ये. यवतमाळ शहर तर सीमेलगतच आहे. पट्टा क्रमांक न लिहिलेला आकडा कामाचा नाही.

जागेच्या नोंदीतच गाव, तालुका, वनकक्ष क्रमांक किंवा गट क्रमांक आणि बीटचं (वनरक्षकाच्या हद्दीचं) नाव लिहा. सरकारी दप्तरात वर्तुळ शोधलं जाईल ते याच शब्दांनी.

वर्तुळ मोजणं

पाचोळा हाताने किंवा झाडूने हलकेच बाजूला करा, फक्त धोंड्यांच्या कडेने आणि दोन मोजरेषांवर. गवत उपटू नका, कापा. मुळासकट निघालेल्या गवताबरोबर माती आणि कधी खापरही येतं.

उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन सुतळ्या ताणा. त्या वर्तुळाच्या मध्यातून जाव्यात. दोन्ही रेषांवर धोंड्यांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आणि आतल्यापासून आतल्यापर्यंत, असे चार आकडे घ्या. नुसतं 'व्यास १४ मी.' लिहिलं तर तो आतला की बाहेरचा हे दहा वर्षांनी कुणी सांगू शकत नाही, आणि धोंडेच पाऊण मीटर जाड असले तर फरक दीड मीटरचा पडतो.

निम्मं वर्तुळ रस्त्याने किंवा चराने खाल्लेलं असेल तर उरलेल्या कमानीवरून व्यास काढता येतो. कमानीची दोन टोकं जोडणारी सरळ सुतळी ताणा, तिची लांबी मोजा. सुतळीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं लंब अंतर मोजा. लांबीच्या वर्गाला लंब अंतराच्या आठपटीने भागा आणि त्यात लंब अंतराचा निम्मा मिळवा, ती त्रिज्या. सुतळी ८ मीटर आणि लंब १.२ मीटर असेल तर ६४ भागिले ९.६ म्हणजे ६.६७, अधिक ०.६, त्रिज्या ७.२७, व्यास साधारण साडेचौदा मीटर. कमान लहान असेल तर लंबातली १० सेंटीमीटरची चूकही व्यासाला मीटरभर हलवते. अशा वेळी व्यासापुढे 'अंदाजे' लिहायला लाजू नका.

उंची मोजताना जवळपास सगळे चुकतात, कारण वर्तुळं चढावर असतात. पाण्याच्या नळीने एक पातळी ठरवा आणि दोन्ही सुतळ्यांवर दर अर्ध्या मीटरला जमीन त्या पातळीच्या किती खाली आहे ते लिहा. कड्याबाहेर दोन्हीकडे ५-५ मीटर जास्त जा, मूळ उतार तिथेच कळतो. समजा उत्तरेची मूळ जमीन पातळीच्या ०.६२ मीटर खाली, दक्षिणेची १.२२ खाली आणि मध्य ०.३० खाली आला. उत्तरेकडून पाहणारा उंची ०.३२ सांगेल, दक्षिणेकडून पाहणारा ०.९२. उतार जोडणारी रेषा मध्याखाली ०.९२ वर येते, म्हणून खरी उंची ०.६२ मीटर. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळे आकडे एका बाजूने चुकतात. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान आहे का, हे दर तासाला पाहा.

आता धोंडे. उत्तरेच्या धोंड्यापासून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्या, फक्त कागदावर. दगडावर खडू, रंग, तेल काहीही लावायचं नाही. प्रत्येकाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची, दगडाचा प्रकार आणि स्थिती (जागेवर, कललेला, पडलेला, हलवलेला). मोकळ्या जागाही लिहा: '७ आणि ८ मध्ये २.४ मी. रिकामं, खळगा आहे.' खळगा म्हणजे तिथला धोंडा कुणीतरी नेला.

मग धोंड्यांचे पृष्ठभाग पाहा. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे मुद्दाम कोरलेले आहेत, कुठे समांतर रांगांत तर कुठे अधिकाच्या चिन्हासारखे. ते आकाशाशी जोडता येतात का, यावर अभ्यासकांनी लिहिलंही आहे. तुमचं काम खळगे मोजण्याचं. सकाळी साडेसहा-सातला किंवा सूर्यास्ताआधी तासभर, ऊन आडवं असताना पाहा. दुपारी हेच खळगे दिसेनासे होतात. ढगाळ दिवशी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड पाडा. नैसर्गिक खड्डे वेडेवाकडे, खोलीला असमान आणि दगडभर विखुरलेले असतात. कोरलेले एकमेकांच्या मापाचे आणि रांगेत. प्रत्येकाचा व्यास व खोली मिलिमीटरमध्ये, आणि खळगे असलेली बाजू कुठल्या दिशेला आहे ते लिहा.

आराखडा १:१०० ला काढलात तर १५ मीटरचं वर्तुळ १५ सेंटीमीटरचं होऊन ए४ वर बसतं. धोंड्यांचे आकार दाखवायचे तर १:५० आणि ए२. कागदाच्या कोपऱ्यात उत्तर, प्रमाण, तारीख, मोजणाऱ्यांची नावं. घरी जाऊन स्वच्छ प्रत काढताना मूळ मळका कागद फेकू नका, चुका त्यावरच सापडतात.

फोटो

चारी दिशांनी एकेक, पट्टीसह. मध्यातून बाहेर बघणारे चार. धोंड्यांचे सुटे. पहिल्या फोटोत पाटीवर वर्तुळाचा क्रमांक, तारीख आणि दिशा.

फोनवरून त्रिमितीय प्रतिकृती करणं आता अवघड राहिलेलं नाही. कड्याभोवती दोन फेऱ्या मारा, एक डोक्याच्या उंचीवरून आणि एक कमरेच्या. एका फोटोतला ७० ते ८० टक्के भाग पुढच्यात यायला हवा, मध्यम वर्तुळाला १०० ते १५० फोटो होतात. मापासाठी दोन पट्ट्या आत ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. फोटो जोडून प्रतिकृती करणारी मेशरूम किंवा वेबओडीएम ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत. जंगलात हे फसतं ते दोन कारणांनी: पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे फोटो काढता काढता सरकतात, आणि वाऱ्याने पाचोळा हलतो. संगणक मग सरकलेली सावलीच दगड समजतो. सहानंतरचा, ऊन झाडांतून आत येण्याआधीचा अर्धा तास यासाठी राखून ठेवा.

खड्डा आणि खापरं दिसली तर

मधोमध खड्डा असलेली वर्तुळं भेटणारच, गुप्तधनाच्या शोधात खणलेली. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, कडेची माती ताजी की गवत उगवलेली, आणि उघड्या पडलेल्या कडेत वरून खाली कोणते थर दिसतात ते लिहा. पाचोळा, मुरूम-गोटे, काळी माती असा क्रम दिसला तर तो फोटोसह नोंदवा, पण कड 'साफ करायला' तासू नका. बाहेर पडलेली खापरं, लोखंडाचा गंजलेला तुकडा, मणी हे पट्टीसह जागेवरच टिपायचं आणि तिथेच ठेवायचं. खापराच्या काठाचा तुकडा असेल तर त्याचा बाजूने एक फोटो घ्या. आत काळं आणि बाहेर वरच्या भागात काळं, खाली तांबडं असेल तर तसं लिहा. मणी खिशात घालण्याचा मोह माहुरझरीसारख्या ठिकाणी सर्वांत जास्त, तिथे मणी बनवण्याचाच उद्योग होता. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याने दहा रुपयांवर किमतीची जमिनीत सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शिवाय जागेवरून हललेल्या मण्याने अभ्यासाला काही मिळत नाही.

वेळेचं गणित

चाळीस वर्तुळांच्या समूहात पहिल्या वर्तुळावर तीन तास घालवून बाकीची राहून जाणं ही नेहमीची शोकांतिका. आधी सगळ्यांची झटपट नोंद: क्रमांक, जागा, दोन व्यास, अंदाजे उंची, शेरा, चार फोटो. प्रत्येकी १५ मिनिटं धरली तर चाळिसांना दहा तास, म्हणजे सकाळच्या दोन-तीन पाळ्या. मग त्यांतली धोक्यातली निवडून, म्हणजे खाणीजवळची, रस्त्याकडेची, रोपवनासाठी आखलेली, सविस्तर मोजा. सर्वांत सुंदर वर्तुळ आधी मोजावंसं वाटतं, ते थांबू शकतं.

नोंद कुठे द्यायची

एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, वनकक्षाच्या नकाशावर जागा दाखवून. रोपवनाची आखणी तिथेच होते, म्हणून वर्तुळं वाचवणारी प्रत हीच. दुसरी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला, तिसरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला. केंद्र-संरक्षित जागेभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तुमचं वर्तुळ त्यात येत असेल तर अर्जात तसं लिहा, मग कागद हलतो. पोच घ्या आणि जावक क्रमांक नोंदवहीत उतरवा.

नेमके अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोतही फोन जागा गुपचूप लिहून ठेवतो, पाठवण्याआधी ती काढा. लोकांना दाखवायचं असेल तर तालुक्यापर्यंत सांगा. पहारवालेही इंटरनेट वाचतात.

पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास गवत वाळू लागलं की, एकदा परत जा. त्याच चार जागांवर उभं राहून तेच चार फोटो काढा आणि धोंडे मोजा. पहिल्या नोंदीत १९ होते आणि आता १७ भरले तर कोणते दोन गेले हे क्रमांकावरून लगेच कळेल. त्यासाठी मूळ आराखडा सोबत न्यायला विसरू नका.